खिडकीला घोंगडे

परवा आमच्या दिवाणखान्याचे पडदे बदलण्याची गोष्ट निघाली आणि घरात दोन तट पडले. सूनबाईंना पॉलिएस्टरचे चकचकीत पडदे हवे होते. मी घोंगड्याचे नाव काढताच सारे हसले. त्या हसण्याचा मला राग आला नाही. सात-आठ वर्षांपूर्वी मीही असाच हसलो होतो.

त्या श्रावणात मी रामनगरला मावशीकडे गेलो होतो. बेळगावहून गोव्याच्या वाटेने खानापूर, लोंढा मागे टाकले की जोयडा तालुक्यातले हे गाव लागते. काळी नदीवरच्या सुपा धरणात घरेदारे गेलेली कित्येक कुटुंबे येथे वसली; मावशीचे सासर त्यांतलेच. पश्चिमेच्या खिडकीवर तिने एक जुने काळे घोंगडे टांगले होते. मी हसून म्हटले, "मावशी, पुढच्या खेपेस तुला चांगले पडदे आणतो."

"आण की," ती म्हणाली, "पण हे मी काढायची नाही. सुप्याच्या घरातून निघताना भांडी यातच बांधली होती."

मी पडदे आणले, सुती अस्तराचे, भारी किमतीचे. एका पावसाळ्यात अस्तरावर बुरशीचे काळे ठिपके उठले आणि खोलीला कुबट वास येऊ लागला. घोंगडे मात्र होते तसेच होते.

यात चमत्कार काही नाही. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी ओल शोषून घेते, तरी हाताला ओली लागत नाही. ती चटकन पेट घेत नाही आणि कृत्रिम धाग्यासारखी वितळून ठिबकत नाही. गार वारा, उन्हाळ्यातली झळ आणि रस्त्यावरचा गलका यांनाही जाड विणीमुळे आळा बसतो.

पण माझा आग्रह एवढ्यासाठीच नाही. धनगरांनी मेंढ्या कातराव्यात, बायकांनी सूत काढावे, सणगरांनी चिंचोक्याची खळ देऊन खड्ड्याच्या मागावर विणावे, अशी ही साखळी. पट्टणकोडोलीच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकर उधळतात, इतका तिचा मान. आज मात्र दख्खनी मेंढीच्या भरड लोकरीला एवढा कमी भाव येतो की पुष्कळ ठिकाणी कातरलेली लोकर टाकूनच देतात. पावसातली खोळ प्लॅस्टिकने घेतली, अंथरूण-पांघरूण गिरणीच्या ब्लँकेटांनी घेतले. घोंगड्याची जुनी कामे गेली. त्याला नवे काम मिळाले नाही, तर माग बंद पडणार हे उघड आहे.

आक्षेप मला ठाऊक आहेत. घोंगडे टोचते, खरे, पण पडदा कोणी अंगावर घेत नाही. कसर लागते, तर महिन्या-दोन महिन्यांनी झटकून ऊन द्यावे. जड असते, दांडी लोखंडी घ्यावी. सततच्या उन्हाने काळी लोकर तांबूस पडते, हेही मान्य. तयार घोंगडे मात्र कापू नये, दशा सुटतात. खिडकीचे माप देऊन विणकराकडूनच करून घ्यावे. चार पैसे त्याच्या हातात पडतील.

खरा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो कोणी बोलून दाखवीत नाही. घोंगडे म्हणजे गड्यामाणसांचे, ते बैठकीत कसे चालेल? आपल्या जुन्या घरांतून सोवळ्यासाठी धाबळी नेसत असत, तीही लोकरीचीच. देवघरात जी चालली, ती दिवाणखान्यात का चालू नये? परदेशातून आलेल्या पाहुण्याने उद्या याच घोंगड्याची वाखाणणी केली, तर आपण ते लगेच भिंतीवर लावू. तोवर थांबण्याचे कारण मला दिसत नाही.

आमच्या घरात तूर्त तडजोड झाली आहे. पश्चिमेची एक खिडकी माझ्या वाट्याला आली. माप घेतले आहे. पावसाळ्यापूर्वी विणकराकडे जायचे आहे.