उत्तर आधी न पाहता

गणिताच्या पुस्तकाच्या शेवटी उत्तरे छापलेली असतात. आपल्यापैकी कित्येकजण आधी तेथे डोकावतात आणि मग वहीतील आकडेमोड कशीबशी त्या उत्तरापाशी नेऊन पोहोचवतात. लहानपणी मीही हे केले आहे. म्हणून कोणास दोष देत नाही. पण हीच सवय मोठमोठ्या शास्त्रज्ञांना लागली तर?

पवनचक्कीचे पाते घ्या. त्याची पाठ फुगीर असते. वारा त्या पाठीला चिकटून वाहतो तोवर पात्याला चांगला रेटा मिळतो व चक्की डौलाने फिरते. मात्र वारा पात्यावर फार तिरपा येऊ लागला, की प्रवाह पाठ सोडतो, मागे भोवरे उठतात आणि रेटा ढासळतो. यास इंग्रजीत ‘स्टॉल’ म्हणतात. जत्रेतील स्टॉलशी त्याचे काही नाते नाही! मौज अशी, की वाऱ्याचा रोख एकाएकी पालटला तर प्रवाह लगेच सुटत नाही. नेहमीच्या मर्यादेपलीकडेही तो क्षणभर पाठ धरून राहतो, रेटा अधिकच वाढतो, आणि मग एक मोठा भोवरा पाठीवरून निसटताच तो एकदम कोसळतो. असे हिसके पात्याला वारंवार बसतात. त्यांचा अंदाज चुकला, तर पाते अकाली तडकते.

म्हणून पाते घडविण्यापूर्वीच संगणकावर वाऱ्याची नक्कल करतात. कोणी पात्याचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकावरील रेटा काढतो. कोणी भोवतालच्या हवेचे लक्षावधी कप्पे पाडून प्रत्येकातील वेग व दाब गणिताने काढतो. पडद्यावरचे ते भोवरे इतके सुरेख दिसतात, की ते खरेच वाटू लागतात.

अमेरिकेतील राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेने २००० साली याची परीक्षाच घेतली. मोकळ्या माळावर वारा सतत बदलतो. तेथे चूक गणिताची की वाऱ्याची, हे कळत नाही. म्हणून कॅलिफोर्नियातील ८० फूट उंच व १२० फूट रुंद अशा प्रचंड वायुबोगद्यात १० मीटर व्यासाची, दोन पात्यांची चक्की उभारली. पात्यावर बारीक छिद्रे ठेवून दाब मोजले. मोजमापे मात्र झाकून ठेवली, आणि युरोप-अमेरिकेतील १८ संस्थांच्या तज्ज्ञांना आपापली उत्तरे आधी देण्यास सांगितले.

उत्तरे उघडली तेव्हा सारे चकित झाले. प्रवाह पाठीला चिकटलेला असतानाही, म्हणजे सोप्या गणितातही, शक्तीचे अंदाज मोजलेल्या शक्तीच्या शेकडा २५ पासून १७५ पर्यंत पसरले होते. स्टॉलमध्ये तर ते शेकडा ३० पासून २७५ पर्यंत गेले! डेन्मार्कच्या रिसो प्रयोगशाळेने हवेच्या गतीची समीकरणे पूर्णपणे सोडवून काढलेली उत्तरे मात्र मापांच्या बरीच जवळ आली.

कोणी म्हणेल, आजचे संगणक कितीतरी वेगवान आहेत. खरे आहे, त्या मोजमापांवर पारखून पुढे पद्धतीही पुष्कळ सुधारल्या. तरीही उघड झालेल्या उत्तराशी नंतर जुळवलेल्या गणितास मी निम्मेच गुण देईन. आज समुद्रातील चक्क्यांची पाती १०० मीटरहून लांब असतात. तेवढी चक्की मावेल असा बोगदा कोठेही नाही. तेथे मापे खुल्या वाऱ्यातच घ्यावी लागणार. आणि माझा आग्रह एवढाच, की गणित करणाऱ्यांनी आपला कागद त्याआधी बंद पाकिटात द्यावा.