नाडी कोण धरणार?

दवाखाना आता खिशात आला म्हणतात. बटन दाबा, डॉक्टर हजर. सर्दी-पडसं, खोकला, खरूज, हगवण, बीपी, शुगर, असल्या रोजच्या दुखण्यांसाठी आता म्हणे कोणी एसटीची वाट बघायची नाही, रोजी बुडवायची नाही. आपल्यातले शिकले-सवरलेले भाऊ तर आणखी पुढं जातात. म्हणतात, पडद्यावरच्या डॉक्टरला तुझं घर गावात कोणत्या बाजूला आहे ते दिसत नाही. जात गेली की मधून! या अंकात त्यांच्याशीच भांडायचं आहे. सरकारशी भांडण रोजचंच आहे, ते कुठं पळून जात नाही.

बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ज्यांनी वाचलं नाही त्यांनी आधी ते वाचावं, मग मोबाइल हातात घ्यावा. १९२९ साली 'यंग इंडिया'त छापलेली काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत बाबासाहेबांनी त्यात दिली आहे. बायको बाळंत झालेली, दोन दिवसांत आजारी पडली, छाती भरली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाला, मी तुमच्या वस्तीत येत नाही. दोन रुपये फीसाठी नगरशेठ जामीन राहिला तेव्हा आला, पण वस्तीबाहेर. ओल्या बाळंतिणीला उचलून बाहेर आणावं लागलं. डॉक्टरनं थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिलं, त्यानं नवऱ्याच्या, नवऱ्यानं बायकोच्या. गेलं तसंच परत आलं. डॉक्टरनं दिव्याच्या उजेडात पाहिलं, न्यूमोनिया म्हणाला नि निघून गेला. बाई मेली.

रोगनिदान बरोबर असेलही. औषधही पाठवलं होतं. पण हात लावला नाही.

मित्रांनो, हे थर्मामीटर माझ्या डोक्यातून जात नाही. दुरून तपासणं हे जगाला आत्ता सापडलं, आम्हाला ते शंभर वर्षं ठाऊक आहे. म्हणून ऑनलाइन दवाखाना म्हणजे अस्पृश्यताच, असं मी म्हणत नाही. एवढं सोपं असतं तर एक कविता खरडून मोकळा झालो असतो.

आधी ही भानगड चालते कशी ते समजून घेऊ. कोरोनात २५ मार्च २०२० ला केंद्र सरकारनं टेलिमेडिसिनचे नियम काढले. १३ एप्रिलला 'ई-संजीवनी ओपीडी' सुरू झाली. घरबसल्या मोबाइल नंबर टाका, टोकन घ्या, डॉक्टरशी बोला, चिठ्ठी फोनवर. फी नाही. तिचा दुसरा प्रकार त्याआधीच, २०१९ च्या नोव्हेंबरात, आला होता. त्यात पेशंट गावच्या उपकेंद्रात जातो, तिथली समुदाय आरोग्य अधिकारी त्याला तपासते नि स्क्रीनवरून मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरला जोडते. आजवर तीस कोटींच्या वर तपासण्या झाल्या असं सरकार सांगतं. आकडा मोठा आहे. मला हा दुसरा प्रकार बरा वाटतो, कारण त्यात एक माणूस जवळ बसलेला असतो. बीपीचा पट्टा दंडाला बांधणारा, पोट दाबून बघणारा, डोळ्याची पापणी खाली ओढणारा.

फायदा नाहीच असं म्हणणारा खोटारडा. धारणीहून अमरावतीचा इर्विन दवाखाना दीडशे किलोमीटरच्या आसपास, मधे सेमाडोहचा घाट. बीपीची तीच गोळी पुन्हा लिहून घ्यायला मजुरानं दिवस घालवायचा, भाडं घालवायचं, नि रांगेत नंबर लागेस्तोवर खिडकी बंद. एकदा समोरासमोर तपासून सुरू केलेली गोळी पुढं फोनवरून चालू ठेवता येते, नियमातच तशी सोय आहे. ताप, साधा खोकला, जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी, यासाठीही फोन पुरतो. आमच्या मायबहिणींची एवढी पायपीट वाचत असेल तर वाचू द्या.

पण जिथं डॉक्टर द्यायचा तिथं फोन दिला, ही खरी मेख आहे. अकोल्यात सरकारी मेडिकल कॉलेज २००२ साली आलं. अमरावतीला, विभागाच्या मुख्य ठिकाणी, ते यायला २०२४ उजाडलं. आणि हरिसाल? मेळघाटातलं हरिसाल २०१६ च्या सुमारास देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून मिरवलं. मायक्रोसॉफ्ट आली, मंत्री आले, फोटो निघाले, टेलिमेडिसिनचाही गाजावाजा झाला. २०१९ च्या निवडणुकीत राज ठाकरेंनी भर सभेत त्याच हरिसालचा व्हिडिओ लावला, नि जाहिरातीत झळकलेला पोरगा स्टेजवर उभा केला. सरकार म्हणालं हे खोटं, ते म्हणाले तुम्ही खोटे. दोघांच्या भांडणात कोरकू पोराचा खोकला कोणी मोजला? कोरकू ही मराठीची बोली नव्हे, मुंडा कुळातली वेगळीच भाषा आहे. स्क्रीनवरचा डॉक्टर हिंदीत विचारणार, चिठ्ठी इंग्रजीत येणार, आणि बाई मान हलवणार. झाली तपासणी, एक आकडा वाढला.

आपल्या वऱ्हाडीचं तरी काय वेगळं? 'डोये झोमून राह्यले', 'जीव कसातरीच होते', 'आंगात कनकन हाय बापा' हे पुण्यामुंबईच्या कानाला कळतंच असं नाही. जवळ बसलेल्या नर्सला कळतं, ती तिथलीच असते.

माझ्या मायचंच सांगतो. ती दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. मी मुंबईच्या गोदीत. रात्रपाळी सुटल्यावर तिचा फोन, हातांची आग होते, डोये लाल झाले. धाकट्यानं एका खासगी ॲपवर पैसे भरून डॉक्टर मिळवला. तीन-चार मिनिटं. हाताचा फोटो मागितला, ॲलर्जीची गोळी नि मलम लिहिलं, कॉल कट. मलम महागडं, दर्यापुरात मिळेना. दोन दिवसांनी माय उपकेंद्रातल्या सिस्टरकडे गेली. सिस्टरनं तिचे हात हातात घेतले, उलटेसुलटे केले नि म्हणाली, "मावशी, कोनाच्या वावरात गेल्या होत्या?" फवारलेल्या पऱ्हाटीत दुसऱ्याच दिवशी माय निंदायला गेली होती. मालकानं सांगितलं नव्हतं. ॲपवरच्यानं विचारलं नव्हतं, त्याच्या रकान्यात धंदा नावाचा रकानाच नव्हता. यवतमाळात २०१७ साली फवारणीच्या विषानं वीसहून जास्त माणसं मेली. त्यातल्या कित्येकांचं दुखणं सुरुवातीला डोळे चुरचुरणं नि मळमळणं असं साधंच दिसलं असेल. 'किरकोळ आजार' हा शब्द पोट भरलेल्या माणसाचा आहे. आमच्याकडं खारं पाणी पिऊन मुतखडा होतो, विषात उभं राहून खाज सुटते, नि ओझं उचलून कंबर जाते. गोदीत काय, वावरात काय, दुखणं कामातून येतं. काम न विचारता तपासलं तर काय तपासलं?

आणि जात दिसत नाही म्हणता? नोंदणी करताना नाव-आडनाव टाकावं लागतं, भावांनो. आपली आडनावं डॉक्टरला वाचता येतात. शिवाय फोन कोणाच्या हातात असतो? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१: स्वतः वापरता येईल असा मोबाइल देशातल्या ५४ टक्के बायांकडेच. उरलेल्या बाईनं अंगावरून पांढरं जातं हे नवऱ्याच्या, नाहीतर पोराच्या फोनवर सांगायचं. कशी सांगेल?

त्यात आणखी एक विनोद. याच केंद्रांना २०२३ च्या अखेरीस दिल्लीनं नवं नाव दिलं, 'आयुष्मान आरोग्य मंदिर'. मंदिर! १९२७ साली याच अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरात शिरण्यासाठी आपल्या बापजाद्यांना सत्याग्रह मांडावा लागला होता. बाबासाहेब स्वतः परिषदेचे अध्यक्ष होते. त्या मातीत दवाखान्याच्या पाटीवर मंदिर लिहिताना एकाही साहेबाची बोटं अडखळली नाहीत. आम्हाला देव नको, रक्तदाबाचं मशीन चालू पाहिजे. त्याच अमरावतीत तपोवन आहे. शिवाजीराव पटवर्धनांनी महारोग्यांसाठी ते उभं केलं. बामनाच्या नावानं बोटं मोडणारा मी, पण त्या माणसानं जिथं सगळं जग हात आखडत होतं तिथं हात लावला, हे लिहिल्याशिवाय पुढं जात नाही.

आता करायचं काय. अकोला नि अमरावतीतल्या आपल्या पोरांनी येत्या महिन्यात आपापल्या उपकेंद्रात जावं. समुदाय आरोग्य अधिकारी हजर आहे का, नेट चालतं का, स्क्रीनवरचा डॉक्टर लिहितो ते औषध कपाटात आहे का, हे वहीत लिहावं. तिथल्या बाईशी हुज्जत घालू नये. ती बहुधा कंत्राटी आहे, तिच्यासारखेच कंत्राटी आरोग्य कर्मचारी कायम करा म्हणत २०२३ साली संपावर गेले होते. ती आपली आहे. जाब वरच्याला विचारायचा. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरची किती पदं मंजूर, किती भरलेली, हे माहितीच्या अधिकारात मागा. २००५ चा कायदा अजून जिवंत आहे.

आणि फोनवर डॉक्टर गाठलाच तर चिठ्ठीवर त्याचं नाव नि नोंदणी क्रमांक आहे का ते बघा, तो हवाच. सोळा वर्षं नि त्याखालच्या पोरासाठी जवळ मोठं माणूस बसलेलं पाहिजे. तो विचारो न विचारो, आपण कोणतं काम करतो ते आधी सांगा. छातीत दुखलं, दम लागला, बाळंतिणीला ताप आला, विष अंगावर पडलं, तर फोन करायचा तो १०८ ला, ॲपला नाही.

वह्या भरल्या की पत्त्यावर पाठवा. पुढच्या अंकात गावांच्या नावासकट छापू. कविता दोन पानं कमी घेऊ.