लाकडी जमिनीची हौस आणि कुरुळीचा पावसाळा

कुरुळीहून एका भगिनींचे पत्र आले आहे. जयभीम कळवून त्या लिहितात की, त्यांच्या घराचे बांधकाम संपत आले आहे. पती चाकणच्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात वीसएक वर्षे होते, यंदा निवृत्त झाले. फंडाच्या पैशातून घर उभे राहिले. खाली पुढची खोली व स्वयंपाकघर, वर एक खोली. आता पुढच्या खोलीत रुंद फळ्यांची लाकडी जमीन करावी अशी पतींची फार इच्छा आहे. ठेकेदार म्हणतो, अशोक विजयादशमीच्या आत करून देतो. कारखान्यातून सुटलेली खोक्यांची फळी स्वस्तात मिळते, तीही चालेल म्हणतो. शेजारी म्हणतात, आपल्या लोकांना कशाला हा साहेबी थाट? काय करावे, असे भगिनींनी विचारले आहे.

शेजाऱ्यांना उत्तर आधी देऊ. आपल्या वाडवडिलांनी गावकीच्या कामात पाटलाच्या वाड्यावर लाकडे फोडली. त्या वाड्याच्या माडीवरची सागवानी तक्तपोशी त्यांनी पाहिली असेल तर अंगणात उभे राहून. स्वतःच्या खोपटात शेणाने सारवलेली भुई, आणि ती सारवताना आयाबायांच्या गुडघ्यांना पडलेले घट्टे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करण्याचे विधेयक मांडले, आणि कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडले. ज्या माणसाने दुसऱ्यांच्या यंत्रांसाठी उभा जन्म लाकडी खोकी ठोकली, त्याला आपल्या घरात चार फळ्या हव्याशा वाटल्या तर त्यात थाट कसला? हौस जरूर करावी. मात्र फंडाचा पैसा एकदाच येतो, म्हणून लाकडाचा स्वभाव आधी समजून घ्यावा.

लाकूड तोडले, कापले, रंधले तरी त्याचे पाणी पिणे थांबत नाही. पावसाळ्यातल्या दमट हवेत ते ओल घेऊन फुगते, चैत्र-वैशाखात ओल सोडून आकसते. लांबीत हा फरक नगण्य असतो. तो सगळा रुंदीत दिसतो. साधारण पाच इंचांहून रुंद फळीला बाजारात ‘वाइड प्लँक’ म्हणतात. साध्या उभ्या कापाची आठ इंची सागवानी फळी घेतली आणि उन्हाळा-पावसाळ्यात लाकडातल्या ओलीत पाच टक्क्यांचा फरक पडला, तर ती एकटी सुमारे दोन मिलिमीटर कमी-जास्त होते. परदेशी ओक असेल तर जवळपास दुप्पट. दहा फूट रुंदीच्या खोलीत अशा पंधरा फळ्या बसतात. म्हणजे पंधरा गुणिले दोन, तीन सेंटिमीटर! एवढी जागा लाकूड मागणारच. ती ठेवली नाही तर जमीन मधोमध कमान करून वर उठते. अरुंद पट्ट्या घेतल्या तरी एकूण फुगणे तेवढेच. पण तीन इंची पट्टीत फट पाऊण मिलिमीटरचीही पडत नाही, डोळ्यांना ती जाणवत नाही. रुंद फळीची शोभा हवी तर तिची फटही पत्करावी लागते. दुकानातल्या थंड हवेत मांडलेला नमुना पाहून हे कळत नाही.

म्हणूनच विजयादशमीच्या घाईला आमचा विरोध आहे. त्या दिवसाचे महत्त्व आम्ही भगिनींना सांगायला नको. पण पावसाळा नुकताच सरलेला असतो, नव्या भिंतींचा गिलावा ओला असतो, फळ्या फुगलेल्या असतात. तेव्हा घट्ट बसवलेली जमीन एप्रिलमध्ये जागोजागी उघडी पडते. उलट ऐन मे महिन्यात घट्ट बसवली तर जुलैत उठते, ते त्याहून वाईट. गृहप्रवेश विजयादशमीलाच करावा, सतरंजी अंथरून वंदना घ्यावी. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जाऊन आल्यावर लाकडाचे काम काढावे. डिसेंबर-जानेवारीची हवा मधली असते. तेव्हा बसवलेले लाकूड दोन्ही बाजूंना थोडे थोडे हलते.

आता खोक्यांची फळी. आपल्या पट्ट्यात ती मुबलक आहे. कुदळवाडीतली भंगाराची दुकाने-गोदामे महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये पाडली, तरी रस्त्याच्या कडेला फळ्यांच्या थप्प्या दिसतातच. परदेशी मालाच्या खोक्यावर गव्हाच्या ओंबीसारखे चिन्ह आणि इंग्रजी अक्षरांचा शिक्का असतो. भगिनींच्या पतींनी असे शेकडो शिक्के पाहिले असतील. ‘एचटी’ म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता सलग तीस मिनिटे पोहोचवलेली. ही कीड मारण्याची रीत आहे. एवढ्याने लाकूड मुरते किंवा वाळते असे नाही. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. असली फळी, शिवाय तेल-रसायने सांडलेली किंवा शिक्का नसलेली फळी, मुलेबाळे जिथे निजतात त्या घरात आणूच नये असे आमचे मत आहे. ‘एचटी’ची स्वच्छ देवदारी फळी कपाटाला, मांडणीला चालेल. जमिनीला ती मऊ पडते, खुर्ची सरकवली की चरा उमटतो.

बाजारात लाकडी जमिनीच्या नावाखाली तीन निरनिराळ्या वस्तू विकतात. लॅमिनेट म्हणजे लाकडाच्या भुश्याच्या दाबलेल्या पाटीवर लाकडाचे छापील चित्र. सांध्यात पाणी शिरले की कडा फुगतात आणि मग त्या बसत नाहीत. इंजिनिअर्ड फळीत वर खऱ्या लाकडाचा थर आणि खाली प्लायवूडसारखे आडवे-उभे थर असतात. ते एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे रुंद फळी हवी असेल तर हीच कमी हलते. तिसरी अखंड लाकडाची फळी. ती सागाची घ्यावी, आणि आतल्या तपकिरी गाभ्याची घ्यावी. बाहेरच्या पांढुरक्या भागाला वाळवी लवकर लागते. वखारीत सागाचा भाव घनफुटावर असतो आणि ठेकेदार चौरस फुटावर सांगतो, तिथे माणूस फसतो. एकशेवीस चौरस फुटांच्या खोलीला एक इंच जाडीची फळी दहा घनफूट लागते, वर एक घनफूट कापण्यात वाया जाते. हा हिशेब कागदावर लिहून घेऊनच भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये पाऊल टाकावे.

लाकूड टिकत नाही असे मात्र कोणी म्हणू नये. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताच्या लाकडी कमानी आणि स्तूपावरचे लाकडी छत्र सुमारे दोन हजार वर्षे टिकून आहे. वर कातळ, अंगावर पाऊस नाही, भोवती खेळती हवा. त्याच लेण्यात धेनुकाकटच्या सामि नावाच्या सुताराने दरवाजाचे काम करून दिल्याचा शिलालेख आहे. राजेरजवाड्यांच्या नावांइतकेच त्या सुताराचे नावही दगडात कोरलेले आहे, हे मुलांना तिथे नेऊन जरूर दाखवावे.

कार्ल्याला जे मिळाले ते कुरुळीच्या तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीला मिळणार नाही. पावसाळ्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांचे ओले पाय, खालून जमिनीची ओल, वाळवी. आणि रोज बादलीभर पाण्याने फरशी पुसायची आपली सवय! लाकडाला पिळून काढलेले फडकेच चालते, तेही घरातल्या सर्वांना ठाऊक हवे. ते काम शेवटी भगिनींच्याच वाट्याला येणार. म्हणून निर्णयात त्यांचे मत पतींच्या मताइतकेच धरावे.

आमचा सल्ला असा. खाली कोटा किंवा साधी फरशी घालावी. लाकूड वरच्या खोलीत करावे. तिथे स्लॅबवर प्लास्टिकचा जाड कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस-रात्र ठेवावा. खाली दव धरले तर स्लॅब अजून ओला आहे, थांबावे. फळ्या आणल्यावर त्याच खोलीत, मध्ये पट्ट्या घालून, आडव्या थप्पीत दोन आठवडे राहू द्याव्यात. भिंतीलगत चारही बाजूंनी बारा मिलिमीटर मोकळी जागा सोडावी. स्कर्टिंगने ती झाकते. स्कर्टिंग भिंतीला ठोकावे, फळीला नव्हे.

आणि पुढच्या खोलीसाठी पतींनी स्वतः सागाच्या तीन-चार रुंद फळ्यांचा बुटका पाट-चौरंग करावा, तथागतांची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर ठेवण्यासाठी. हातोडी-करवत त्यांच्या हातातली आहे, त्याला ठेकेदार नको. फळ्या खालच्या आडव्या पट्टीला मधोमध एकेक स्क्रूनेच धराव्यात, कडा मोकळ्या ठेवाव्यात. वरच्या खोलीच्या उरलेल्या दोन फळ्या पोटमाळ्यावर जपून ठेवाव्यात. पुढे एखादी बदलावी लागली तर त्याच लाकडाची, त्याच रंगाची मिळेल.