वारा आणि वाटेकरी

‘सरकारी योजना’ हे शब्द कानीं पडतांच आपल्याकडील वडील मंडळींच्या कपाळास आठी पडते, आणि ती अगदींच अकारण असते असें म्हणतां येत नाहीं. अनुदान येतें, चार दिवस गाजावाजा होतो, आणि अनुदान सरलें कीं आणलेली वस्तु माळ्यावर जाते, हा अनुभव पुष्कळांच्या पदरीं आहे. तथापि बुडणें हा कांहीं योजनेचा स्वभावधर्म नव्हे. कांहीं योजना रुजतात, आणि सरकारनें हात काढून घेतल्यावरहि उभ्या राहतात. रुजणारी योजना व सुकणारी योजना यांत भेद कशाचा, हें या महिन्यांत विजेच्या उदाहरणावरून पाहूं. ऊन आणि वारा यांपासून जागच्या जागीं वीज काढण्यास सरकारनें उत्तेजन द्यावें, हें आतां बहुतेक देशांनीं मान्य केलें आहे. प्रश्न उरतो तो तें उत्तेजन कोणाच्या हातीं पडावें हा. आणि माझ्या मतें सारें मर्म त्यांतच आहे.

डेन्मार्क हा देश विस्तारानें महाराष्ट्राच्या सुमारें सातव्या हिश्श्याएवढा. १९७३ सालीं अरब राष्ट्रांनीं तेलाच्या पुरवठ्यास हात आंखडता घेतला, तेव्हां या देशाची सुमारें नऊ-दशांश ऊर्जा परदेशांतून आणलेल्या तेलापासून मिळत होती. रविवारीं खासगी मोटारी रस्त्यावर आणण्यास बंदी करण्याची पाळी आली. अणुशक्तीचा मार्ग समोर होता. परंतु त्याविषयीं लोकांत मोठा वाद माजून अखेर १९८५ सालीं तेथील विधिमंडळानें तो आपल्या आराखड्यांतून वगळला. राहिला वारा, आणि वारा हा त्या लोकांचा जुना स्नेही. आस्कोव्ह येथील लोकविद्यालयांत पॉल ला कूर नांवाचे एक पदार्थविज्ञानाचे शिक्षक होते. त्यांनीं १८९१ सालींच सरकारच्या साहाय्यानें पवनचक्कीपासून वीज उत्पन्न करून दाखविली होती.

सरकारनें जे नियम केले ते थोडे, पण नेमके होते. १९७९ पासून पवनचक्कीच्या खर्चाचा ३० टक्के भाग सरकार देऊं लागलें. चक्क्या जसजशा सुधारल्या व स्वस्त झाल्या, तसतसें हें प्रमाण उतरवीत नेऊन १९८९ मध्यें तें बंद केलें. दुसरें असें कीं, चक्कीची वीज वीजकंपन्यांनीं विकत घेतली पाहिजे, अशी व्यवस्था झाली. आणि तिसरी गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती ही कीं, चक्कींत भाग घेणारा मनुष्य त्याच परिसरांतील रहिवासी असला पाहिजे, असा निर्बंध बरींच वर्षें होता. परिणामीं शेतकरी, शिक्षक, दुकानदार असे शेजारी शेजारी एकत्र येऊन भागीदारीनें चक्की उभारूं लागले. २००१ च्या सुमारास अशा मंडळ्यांत एक लक्षाहून अधिक कुटुंबांचे भाग होते. ज्या देशाची सारी वस्ती तेव्हां अवघी ५३ लाखांच्या घरांत होती, तेथें ही संख्या लहान नव्हे.

स्थालीपुलाकन्यायानें, म्हणजे शितावरून भाताची परीक्षा करावयाची झाल्यास, सामसो नांवाचें एक बेट पाहावें. क्षेत्रफळ ११४ चौरस किलोमीटर, वस्ती सुमारें चार हजार, धंदा मुख्यतः शेतीचा. वारा, ऊन, पेंढा अशा अक्षय साधनांवर दहा वर्षांत आपली गरज भागविण्याचा उत्तम आराखडा जें बेट सादर करील त्याची निवड व्हावी, अशी स्पर्धा सरकारनें लावली, आणि १९९७ सालीं सामसोची निवड झाली. निवडीबरोबर रोख बक्षीस मात्र कांहींच नव्हतें. सोरेन हेर्मान्सेन हे तेथील शाळेंत पर्यावरण शिकविणारे शिक्षक. त्यांनीं हें काम अंगावर घेतलें. आरंभीं लोक थंड होते. परंतु हेर्मान्सेन बेटावरच्याच एका शेतकऱ्याचे चिरंजीव. कोणाचा शब्द गांवांत चालतो हें त्यांस ठाऊक होतें. बैठकी झाल्या, पुन्हां पुन्हां झाल्या, आणि चार वजनदार मंडळी वळतांच पुष्कळजण वळले.

२००० सालीं जमिनीवर एकेक मेगावॅटच्या ११ चक्क्या उभ्या राहिल्या. त्यांपैकीं ९ शेतकऱ्यांच्या मालकीच्या, व २ सुमारें साडेचारशें जणांनीं भाग घेऊन उभारलेल्या. पुढें २००३ पर्यंत समुद्रांत २.३ मेगावॅटच्या आणखी १० चक्क्या लागल्या. त्यांतील ५ बेटाच्या नगरपालिकेनें घेतल्या. पेंढा जाळून पाणी तापवावयाचें व तें नळांनीं घरोघर खेळवून घरें उबदार ठेवावयाचीं, अशीं केंद्रेंहि निघालीं. मुदत भरण्यापूर्वींच बेटाच्या एकंदर खर्चाहून अधिक ऊर्जा तेथें निपजूं लागली. येथें एक खुलासा केला पाहिजे. मोटारी व बोटी तेलावरच चालत राहिल्या. त्या तेलाची भरपाई समुद्रांतील चक्क्यांची जादा वीज मुख्य भूमीस पाठवून धरलेली होती. मग एवढ्या मोठ्या कामास सावकारानें पैसा दिला तो कशाच्या भरंवशावर? विजेचा दर दहा वर्षांकरितां कायदेशीर बांधलेला होता, याच भरंवशावर. सरकारनें देणगीपेक्षां वचन दिलें, आणि तें पाळलें.

आपल्या गोठ्यांतील गाय हंबरली तर तिला चारा हवा असें आपण म्हणतों. शेजाऱ्याची हंबरली तर झोपमोड झाली म्हणतों. चक्कीच्या आवाजाचेंहि तसेंच आहे. डेन्मार्कांत रहिवासाचा निर्बंध पुढें सैल झाला, मोठ्या कंपन्या आल्या, आणि ज्या लोकांनीं हौसेनें चक्क्या उभारल्या त्याच लोकांत त्यांना विरोध होऊं लागला. म्हणून २००९ च्या आरंभापासून नवा कायदा आला. नव्या चक्कीचा निदान २० टक्के भाग साडेचार किलोमीटरच्या आंतील रहिवाशांस देऊं करणें मालकावर बंधनकारक झालें. २०२० मध्यें ही तरतूद जाऊन तिच्या जागीं शेजाऱ्यांस दरसाल कांहीं रक्कम देण्याची रीत आली. रीत बदलली, तरी शेजाऱ्यास वाटा असावा हें तत्त्व सोडणें त्या सरकारला परवडलें नाहीं.

आतां आपल्या घराकडे वळूं. सातारा जिल्ह्यांतील वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांचें रान उभें आहे. त्यांस उत्तेजन मिळालें तें मुख्यतः करांच्या सवलतींतून. पहिल्याच वर्षीं चक्कीची सारी किंमत घसारा म्हणून नफ्यांतून वजा करतां येई. २००२ पासून हें प्रमाण ८० टक्के झालें. या सवलतीमुळें चक्क्या भराभर लागल्या, हें मान्य केलेंच पाहिजे. परंतु ज्याला दुसऱ्या धंद्यांत भरपूर करपात्र नफा आहे, त्यालाच ही सवलत कामाची. शेतीच्या उत्पन्नावर आयकरच नाहीं. तेव्हां पठारावरच्या शेतकऱ्यास तिचा उपयोग शून्य. शिवाय लाभ चक्की उभारण्यावर होता, ती फिरण्यावर नव्हता. ही उणीव ओळखून केंद्र सरकारनें २००९ च्या अखेरीस प्रत्यक्ष निपजलेल्या विजेवर युनिटामागें ५० पैसे देण्याची योजना आणली. महाराष्ट्राच्या सौर कृषि वाहिनी योजनेनेंहि २०२३ सालीं एक पाऊल पुढें टाकलें: सौर प्रकल्पास जमीन देणाऱ्या शेतकऱ्यास हेक्टरीं सालीना सव्वा लाख रुपये भाडें, व त्यांत दरसाल ३ टक्के वाढ. हें स्वागतार्हच आहे. तरीपण भाडेकरी ठेवणें निराळें आणि धंद्यांत वाटेकरी असणें निराळें, हा भेद ग्रामसभेंत बसणाऱ्यांनीं विसरूं नये.

वाटेकरी होण्याची संधि आपल्या छपरापर्यंत आली ती १३ फेब्रुवारी २०२४ रोजीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेनें. एक कोटि घरें हें तिचें लक्ष्य, आणि २०२६-२७ ही तिची ठरविलेली मुदत. एका किलोवॅटास ३०,००० रुपये, दोहोंस ६०,०००, व तीन किंवा अधिकांस ७८,००० रुपये असें तिचें अनुदान. एका किलोवॅटास सुमारें शंभर चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते, आणि वर्षाची सरासरी धरली तर दिवसास चारेक युनिट वीज निघते. दिवसां उरलेली वीज तारेंतून बाहेर जाते व मीटरावर आपल्या खातीं जमा होते. देहलीदीपन्याय म्हणतात तो हाच. उंबरठ्यावरचा दिवा घर आणि अंगण दोन्ही उजळतो.

परंतु एकत्र कुटुंबांत एक अडचण आहे, आणि ती सरकार सोडवूं शकत नाहीं. गच्ची सर्वांची, मीटर एकाच्या नांवाचा. अनुदान त्याच्या खात्यांत जाणार, बिल त्याचें उतरणार. आणि पॅनेलवरची धूळ पंधरवड्यास पुसावयास वर कोण चढणार, तर धाकटी सून किंवा शाळकरी पुतण्या. वनकुसवड्यास झालें तेंच मग माजघरांत होतें. पहिल्या वर्षाचें कौतुक संपलें कीं धूळ सांचते, वीज घटते, आणि दोष योजनेस दिला जातो.

म्हणून वाचकहो, पॅनेल वर चढविण्यापूर्वीं सर्वांनीं एकदां एकत्र बसावें. पैसे ज्यानें त्यानें ऐपतीप्रमाणें घालावे. घरांतील वृद्ध आत्याबाईंनीं पांचशें रुपये देऊं केले तर ते परत करूं नयेत, त्यांचा भाग वहींत लिहावा. जो चढून पुसतो त्याच्या श्रमालाहि त्या वहींत जागा असावी. पावसाळ्यांत वीज कमी निघते, याकरितां एका महिन्याच्या बिलावरून निकाल न देतां बारा महिन्यांचा हिशोब धरावा. आणि तो दर दिवाळीस, फराळाच्या आधीं, घरांतील लहानथोर सर्वांपुढें मोठ्यानें वाचून दाखवावा.