शौकिनांपासून जपा!

जुन्या गाड्यांना खरा धोका भंगारवाल्यापासून नाही, शौकिनांपासून आहे.

माझ्याकडे १९६८ सालची फियाट डिलाइट आहे. कारेगावात भाजी आणायला मी तीच नेतो. शेजारच्या रांजणगावच्या एमआयडीसीत, फियाटच्याच कारखान्यात, २०१७ पासून जीप कंपास बनू लागली. त्या नातसुना हिला हॉर्न मारून पुढे जातात, जावोत बापड्या! हिचा गिअर स्टिअरिंगपाशी. थंडीत दुसरा पडत नाही, तेव्हा जरा समजूत काढावी लागते, इतकंच.

परवा एक शौकीन आले. घरी तीन गाड्या, तिन्ही बुरख्यात! बॉनेट कुरवाळत म्हणाले, "काका, हिला 'व्हीए' नंबर घेऊन टाका." म्हणजे २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नाशी उलटलेली गाडी २०,००० रुपये भरून 'व्हिंटेज' करून घ्यायची. मग ती रॅलीला न्यावी, प्रदर्शनात मांडावी, पेट्रोल भरायला न्यावी. रोज मात्र चालवायची नाही! अहो, मग ते पेट्रोल जाळायचं कुठे? पुढच्या वेळी पेट्रोल भरायला जाताना?

पन्नाशी मीही कधीच ओलांडली आहे. ही युक्ती आमच्या सूनबाईंच्या कानावर गेली तर माझं काय होईल, या विचारानं मी घाईघाईनं म्हणालो, "चहा घेणार ना?"

घरात दूध नव्हतं. मी फियाट काढली.