रूळ जनतेचे, नफा जमीनदलालांचा

ठाणे-भिवंडी-कल्याण या सुमारे २५ किलोमीटरच्या मेट्रोमार्गाची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाली. २०२५ साल सरले तरी या मार्गावरून एकही प्रवासी गेला नव्हता. घरांच्या जाहिरातींत मात्र ही मेट्रो केव्हाच धावू लागली होती.

भिवंडीला मेट्रो हवी, याविषयी वाद असू शकत नाही. यंत्रमागांचे आणि गोदामांचे हे शहर. त्याचे रेल्वे स्थानक वसई-दिवा मार्गावर. ठाण्याकडे थेट जाणारी लोकल शहराला कधी लाभलीच नाही. एस.टी. आणि रिक्षा यांवर दिवस काढणाऱ्या कामगाराला ‘मेट्रो ही चैन आहे’ असे ऐकवणे हे सुखवस्तूंचे शहाणपण झाले. समाजवाद्यांचा प्रश्न निराळा आहे : खर्च कोणी सोसायचा आणि लाभ कोणी लाटायचा?

रूळ पडण्याची नुसती वार्ता आली की जमिनीचा भाव चढतो. ही वाढ जमीनमालकाच्या घामातून येत नाही. ती जनतेच्या पैशातून येते. शासनाला हे ठाऊक नाही असे नव्हे. एप्रिल २०२२ पासून मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर या शहरांत घरखरेदीच्या मुद्रांक शुल्कात एक टक्का मेट्रो अधिभाराची भर पडली. म्हणजे आयुष्याची पुंजी घालून दोन खोल्या घेणाऱ्याने मेट्रोचा कर भरायचा, आणि जमीन अडवून भाव चढण्याची वाट पाहणाऱ्याने मिशीला तूप लावायचे! बांधकाम व्यावसायिकही विकासशुल्क भरतात, असा युक्तिवाद केला जाईल. भरतात खरे, पण ते घराच्या किमतीत मिसळून त्याच ग्राहकाकडून वसूल करतात.

दुसरी लूट तिकिटाची. वर्सोवा-घाटकोपर मार्गाच्या करारात भाडे ९ ते १३ रुपये ठरले होते. २०१४ मध्ये गाडी सुरू झाली, आणि खाजगी चालकाने भाडे चाळीस रुपयांपर्यंत नेले. लोकलच्या दुसऱ्या वर्गाच्या मासिक पासावर ज्याचा संसार उभा आहे, त्याने या गाडीकडे फलाटावरून नुसते पाहायचे काय?

गिरणगावाने हा धडा एकदा घेतला आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले आणि कामगारांची कुटुंबे कल्याण-विरारकडे फेकली गेली. आता मेट्रो त्यांच्या दाराशी येत आहे. भाडेकरूला हुसकावून ती आली, तर हे त्यांचे दुसरे विस्थापन ठरेल.

म्हणून कार्यकर्त्यांनी वॉर्डावॉर्डांत तीन मागण्या घेऊन गेले पाहिजे. स्थानकांभोवतीच्या जमिनीच्या वाढीव मूल्यावर मालकाकडूनच कर घ्यावा. त्या उत्पन्नातून तेथेच भाड्याची सार्वजनिक घरे बांधावीत. लोकल, बस आणि मेट्रो यांना कामगाराला परवडणारा एकच मासिक पास असावा. हे मान्य नसेल, तर मेट्रो कष्टकऱ्यांसाठी आहे असे म्हणण्याचा अधिकार सरकारला नाही.