कॉम्प्युटर शिकवला, सातबाऱ्यामागची प्रणाली कधी शिकवणार?

सोनारी (ता. परंडा) : कॉलेजात 'माहिती प्रणाली' हा विषय सुरू झाला की पहिल्याच आठवड्यात पाच अंगं फळ्यावर येतात : हार्डवेअर, सॉफ्टवेअर, डेटा, माणसं आणि कार्यपद्धती. पोरं पाठ करतात, पेपर लिहितात, विसरून जातात. याचं जितंजागतं उदाहरण मात्र सोनारीसारख्या गावात बांधावरच आहे.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. मोबाईल हे हार्डवेअर, ॲप हे सॉफ्टवेअर, पिकाचा फोटो अन् क्षेत्र हा डेटा, शेतकरी आणि तलाठी ही माणसं, नोंदीची मुदत ही कार्यपद्धती. एक अंग लंगडलं की सगळंच बसतं. रानात सोयाबीन उभं, पण नोंद राहिली तर सातबाऱ्यावर पीकच नाही. मग हमीभावाच्या खरेदीत नाव नोंदवताना अडचण.

राज्यात २००१ पासून एमएस-सीआयटी आहे. त्यातून लाखोंच्या हाताला माऊसची सवय लागली, हे काम मोठंच. पण बटण दाबता येणं वेगळं आणि नोंद कुठं अडकली, दुरुस्ती कोणाकडं, हे कळणं वेगळं.

बापाच्या मोबाईलवर ही कामं बहुतेक घरात कॉलेजची पोरंच करतात. म्हणून पहिला प्रकल्प घरच्या सातबाऱ्याचाच द्यावा : माहिती कुठं भरली, कोणी तपासली, चूक कुठं सुधारते. त्याला महागडी लॅब लागत नाही. पोराला मार्क मिळतील अन् बापाचे तहसीलचे हेलपाटेही वाचतील.